वॉर्डातला कला-गट: आरोग्यकर्मींच्या बर्नआउटसाठी चित्रकलेचा उपयोग कसा सुरू करावा

रुग्णालयात काम करणाऱ्या आणि शाळा सुटल्यापासून रंगपेटीला हात न लावलेल्या व्यक्तींसाठी हा लेख आहे. एखाद्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, निवासी डॉक्टरांचे प्रतिनिधी, परिचर्या महाविद्यालयातील शिक्षिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना आपल्या सहकाऱ्यांसाठी आठवड्यातून एक तास बाजूला काढून कलेचा छोटा गट चालवायचा असेल, तर त्याची सुरुवात कोठून करावी, काय करावे आणि काय कटाक्षाने टाळावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. ‘आम्हाला चित्र येत नाही’ ही अडचण वाटते तेवढी मोठी नसते. वेळ मिळत नाही, गुप्तता राहत नाही आणि वरिष्ठांचा उत्साह आवरत नाही, या अडचणी अधिक गंभीर आहेत. म्हणून या लेखात रंगांच्या बरोबरीने त्यांच्याविषयीही बरेच लिहिले आहे.

आधी मर्यादा समजून घ्याव्यात

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश केला आहे, मात्र आजार म्हणून केलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी तिची नोंद आहे. या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली जातात आणि वॉर्डात ती ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. सुट्टी घेऊनही न जाणारा थकवा हे पहिले लक्षण. कामाविषयी आणि रुग्णांविषयी मन कोरडे, कडवट होणे, इतके की ‘बारा नंबरचा अपेंडिक्स’ एवढीच माणसाची ओळख उरावी, हे दुसरे. आपण करतो त्याचा काही उपयोग नाही, आपले कामच नीट होत नाही, ही भावना तिसरे.

मूळ कामात असेल तर उपायही प्रथम कामातच शोधला पाहिजे. निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास मर्यादित ठेवण्याचे केंद्र सरकारचे निर्देश १९९२ सालचे आहेत. त्यानंतर तीन दशकांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाला आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये अशी शिफारस करावी लागली. ७४ तास ही सवलत वाटावी, यावरूनच प्रत्यक्षातील पाळ्यांचा अंदाज यावा. परिचारिकांच्या रिक्त जागा, एका सिस्टरच्या वाट्याला येणारे रुग्ण, नातेवाइकांची अरेरावी यांतले काहीही तेलखडूने सुटत नाही. कला-गट चालवणाऱ्याने हे स्वतःशी आणि प्रशासनाशी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले नाही, तर पुढे ‘तुमच्यासाठी आम्ही चित्रकला ठेवली आहे ना’ हे उत्तर मनुष्यबळाच्या प्रत्येक मागणीला मिळू लागेल.

मग उपयोग काय? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्र, कोलाज किंवा मातीकाम केले. त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले आणि आधीच्या कलानुभवाचा त्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. हा अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवावे. कोलोरॅडो विद्यापीठाने कोविडच्या काळात आरोग्यकर्मींसाठी बारा आठवड्यांचा उपक्रम घेतला. त्यात चित्रकला, संगीत, नृत्य-हालचाल आणि लेखन असे चार स्वतंत्र गट होते. सहभागी झालेल्यांची चिंता आणि नैराश्य यांत चांगली घट दिसली, भावनिक थकव्यात मात्र त्या मानाने कमी. मला हे अपेक्षितच वाटते: मनावरचा भार हलका होऊ शकतो, पण पाळी तेवढीच लांब राहते.

कलोपचार आणि कला-गट यांत गल्लत करू नये

ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगावर उपचार घेत असताना आरोग्यधामात चित्रे काढू लागले, इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले आणि १९४२ च्या सुमारास या पद्धतीला कलोपचार हे नाव दिले. आज कलोपचारक होण्यासाठी स्वतंत्र शिक्षण आणि देखरेखीखालील सराव लागतो. आपल्याला प्रशिक्षित कलोपचारक उपलब्ध होत असेल तर त्यांच्याकडूनच सुरुवात करावी. नसेल तर आपण चालवतो तो कला-गट आहे, उपचार नाही, हे सूचनाफलकावरही तसेच लिहावे. आपण निदान करणार नाही, चित्रांचा अर्थ लावणार नाही आणि जुन्या जखमा मुद्दाम उकरणार नाही, एवढी मर्यादा पाळली तर असा गट सुरक्षितपणे चालवता येतो.

वेळ आणि परवानगी

गटाचा तास ड्युटीत धरला जावा, ही माझ्या दृष्टीने पहिली आणि जवळजवळ एकमेव अट आहे. ड्युटी संपल्यावर थांबून, घरी मुलाला आणायला उशीर करून, ‘ताण घालवण्यासाठी’ चित्र काढणे ही ताणातच घातलेली भर होय. वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका यांच्याकडून लेखी परवानगी घ्यावी आणि तीत आठवड्याचा वार, वेळ, सत्रांची संख्या आणि तो वेळ कामाचा गणला जाईल हे वाक्य असावे. आठ सत्रे ही सुरुवातीसाठी सोयीची संख्या आहे. सकाळपाळी आणि दुपारपाळी एकमेकींवर येतात तो अवधी बहुतेक ठिकाणी सर्वांत योग्य ठरतो, कारण त्या वेळी वॉर्डात दोन्ही पाळ्यांची माणसे असतात. हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवणे, पूर्ण झाल्यावरच निघायचे, हा नियम मात्र ठेवावा. नाईट करून आलेल्यांना थांबवू नये. त्यांना झोप हवी असते.

उपस्थितीची सक्ती नको आणि तिची नोंद गोपनीय अहवालापर्यंतही पोहोचता कामा नये. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा तेवढ्या वेळाचा पगार कापला जाणार नाही, याची चौकशी आधीच करावी, कारण ते स्वतःहून ती करत नाहीत.

गटात कोण असावे

सहा ते दहा माणसे पुरतात. दहाच्या वर गेले की बोलणे आटोपते घ्यावे लागते आणि सहाच्या खाली आले की एखाद्याच्या गैरहजेरीने बैठक विस्कटते. सिस्टर, ब्रदर, निवासी डॉक्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, मावशी, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी यांचा मिश्र गट चालतो, किंबहुना उत्तम चालतो. पण ज्याच्या हाती दुसऱ्याची रजा, गुण किंवा बढती आहे अशी व्यक्ती त्याच गटात बसवू नये. विभागप्रमुख कितीही मनमिळाऊ असले तरी त्यांच्यासमोर पहिल्या वर्षाचा रेसिडेंट चित्रातसुद्धा रागावू शकत नाही. मावशी आणि सफाई कर्मचारी यांना अशा उपक्रमांतून बहुधा वगळले जाते, वास्तविक मृतदेह गुंडाळण्यापासून रक्त पुसण्यापर्यंतची कामे त्याच करतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तर रेषा आणि रंग हे लेखी प्रश्नावलीपेक्षा कितीतरी जवळचे साधन आहे.

जागा आणि साहित्य

दार लागते अशी खोली हवी. ड्युटी रूम टाळावी. तेथे कोणीतरी औषधाची चावी मागायला येतेच. मोठे टेबल, पुरेसा उजेड आणि हात धुण्यासाठी जवळ बेसिन असले की पुरे. गटातील एकाच व्यक्तीने फोन चालू ठेवावा आणि तातडीचा निरोप तिच्याकडूनच यावा.

साहित्य निवडताना एक तत्त्व उपयोगी पडते. काही माध्यमे हाताच्या ताब्यात राहतात आणि काही वाहतात. पेन्सिल, रंगीत पेन्सिली, स्केचपेन, कापून चिकटवायची चित्रे ही ताब्यातली माध्यमे आहेत. तेलखडू आणि घट्ट माती मधल्या टप्प्यावर येतात. जलरंग, पातळ पोस्टर कलर आणि बोटांनी लावायचे रंग वाहणारे आहेत. माध्यम जितके वाहते तितकी भावना पटकन वर येते, हे कलोपचारकांचे जुने निरीक्षण आहे. नवख्या गटात, त्यातही थकलेल्या माणसांच्या, पहिली दोन-तीन सत्रे ताब्यातल्या माध्यमांवरच काढावीत. जलरंग बिघडले की ‘मला काहीच जमत नाही’ ही आधीच मनात असलेली तक्रार पक्की होते. तेलखडूचे तसे नाही: कसाही ओढला तरी काहीतरी भरीव उमटते.

पहिल्या खरेदीत जाड ड्रॉइंग पेपर, तेलखडूंच्या तीन-चार पेट्या, रंगीत पेन्सिली, जुनी मासिके, डिंक, बोथट कात्र्या आणि कागदी चिकटपट्टी एवढे घ्यावे. पुढे शाडूची माती आणायची असल्यास ती ओलसरच ठेवावी, वाळलेली धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, हाताला भेग किंवा जखम असलेल्यांना ती देऊ नये आणि वॉर्डात परतण्यापूर्वी नखांपर्यंत हात धुतले जातील याकडे लक्ष द्यावे.

पहिले सत्र

सुरुवातीची पाच मिनिटे नियमांसाठी ठेवावीत आणि ते मोजकेच सांगावेत. येथे काढलेले चित्र त्या व्यक्तीच्या मालकीचे असते. कोणीही फोटो काढत नाही, स्वतःच्या चित्राचासुद्धा, कारण तो व्हॉट्सअॅपवर जातो आणि कोपऱ्यात शेजारणीचे चित्रही दिसते. येथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. फक्त कोणाच्या जिवाला धोका असल्याचे कळले तर गट चालवणारा मदत मागेल, हा अपवादही आधीच सांगून ठेवावा. कोणालाही चित्र दाखवण्याची किंवा त्यावर बोलण्याची सक्ती नाही. रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक किंवा ओळखू येईल असा चेहरा काढायचा नाही.

त्यानंतर लगेच कोरा कागद पुढे ठेवू नये. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मंडल (वर्तुळाकार नक्षी) किंवा चौकड्यांचा नमुना रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली, पण कोऱ्या कागदावर मन मानेल ते रंगवणाऱ्यांची तशी झाली नाही. आपल्याकडे यासाठी घरचेच साधन आहे: ठिपक्यांची रांगोळी. कागदावर सात बाय सातचे ठिपके आधीच छापून आणावेत आणि प्रत्येकाने ते हवे तसे जोडून भरावेत. बहुतेक सिस्टरांचा आणि मावशींचा हात त्यावर आपोआप चालतो आणि गटात सर्वांत आत्मविश्वासाने रेषा ओढणारी व्यक्ती कदाचित त्या मावशीच असतात. वॉर्डातील उतरंड तेवढ्यापुरती तरी उलटते, आणि निवासी डॉक्टरांनी त्यांच्याकडून ठिपके जोडायला शिकावे यात गटाचे निम्मे काम होते.

रांगोळीसाठी वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. शांतता अवघड वाटली तरी ती बोलून भरू नये. शेवटी ज्यांना वाटते त्यांनी चित्र मध्ये ठेवावे, एक-दोन वाक्ये बोलावीत आणि चित्रे पाकिटात घालून ज्याची त्याला द्यावीत. पहिल्या दिवशी एवढेच. भावना, आघात, आठवणी यांचा उल्लेखही करू नये.

पुढील सत्रांसाठी काही अभ्यास

दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात स्वतःच्या हाताची बाह्यरेषा काढण्याचा अभ्यास घ्यावा. दिवसभर हँडरब (हातांना चोळायचे जंतुनाशक) लावून बोटांच्या पेरांवर कोरड्या पडलेल्या, हातमोज्यांच्या पावडरीने पांढुरक्या झालेल्या या हाताकडे ड्युटीत कोणी पाहत नाही. पेन्सिल बोटांच्या फटीतून फिरवताना तो दोन मिनिटे पाहावाच लागतो. मग बाह्यरेषेच्या आत, या आठवड्यात या हाताने जे केले ते रंगांनी किंवा खुणांनी भरायचे, आणि बाहेर, जे हाताबाहेरचे होते ते. कोणी आत सलाईनची नळी काढते, कोणी नुसता निळा रंग भरते. औषध पोहोचले नाही, खाट मिळाली नाही, नातेवाइकांनी उशिरा आणले, या गोष्टी बाहेर पडतात. आपल्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटणाऱ्या माणसाला आतला भाग भरलेला दिसणे महत्त्वाचे असते, आणि बाहेरचा भाग म्हणजे बरेचदा प्रशासनाकडे मांडायच्या मागण्यांची यादीच असते.

वारली आकृतींमध्ये एका पाळीचे दृश्य काढणे हा मला सर्वांत फलदायी वाटणारा अभ्यास आहे आणि त्यासाठी दोन सत्रे द्यावीत. पालघरच्या बाजूच्या वारली स्त्रिया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जी चित्रे काढत आल्या आणि जिव्या सोमा म्हसे यांनी जी जगभर नेली, त्यांतील माणूस दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर वर्तुळ आणि खाली-बाजूला रेषा एवढ्यावर उभा राहतो. ज्याला माणूस काढता येत नाही त्यालाही तो पाच मिनिटांत येतो. शिवाय या माणसाला चेहरा नसतो, त्यामुळे रुग्णाची ओळख उघड होण्याची भीती आपसूक टळते. तपकिरी कागद आणि पांढरी रंगीत पेन्सिल द्यावी. खाटांची रांग, सलाईनचे स्टँड, दाराशी जमलेले नातेवाईक, फाईल घेऊन पळणारा इंटर्न हे सगळे त्यात मावते. स्वतःला त्या दृश्यात कोठे काढले आहे, केवढे काढले आहे, याविषयी माणसे न विचारताही बोलू लागतात. एक पथ्य पाळावे: वारल्यांच्या लग्नचौकाला (लग्नविधीसाठी भिंतीवर काढलेल्या चौकोनी चित्राला) त्यांच्या समाजात धार्मिक स्थान आहे, तो सरावासाठी उतरवू नये. रोजच्या जीवनाच्या आकृती पुरेशा आहेत.

याशिवाय मासिकांतील कात्रणांचे कोलाज, एकाच रंगाच्या छटांनी पान भरणे, डोळे मिटून मातीचा गोळा घडवणे हे अभ्यास घेता येतील. जलरंग सहाव्या सत्रापूर्वी काढू नयेत, आणि काढले तर शेवटची दहा मिनिटे पुन्हा पेन्सिलीच्या एखाद्या बांधीव कामाकडे यावे, म्हणजे कोणीही भरल्या डोळ्यांनी थेट वॉर्डात परतणार नाही.

चित्रांविषयी कसे बोलावे

‘हे काय आहे?’ असे विचारू नये. समोरच्याला ते चित्र ओळखू न आल्याचा शेरा वाटतो. ‘सुंदर आहे’ असेही म्हणू नये, कारण मग पुढच्या आठवड्यात सुंदर काढण्याची धडपड सुरू होते. ‘आधी काय काढलं?’, ‘कोणता भाग काढायला वेळ लागला?’, ‘यात काही राहिलं आहे का?’ असे प्रश्न चालतात. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, दार नसलेले घर म्हणजे एकटेपणा, असले ठोकताळे इंटरनेटवर भरपूर सापडतात; ते गटाच्या दाराबाहेर ठेवावेत. काळा तेलखडू बहुतेकदा पेटीत सर्वांत लांब उरलेला असतो म्हणून उचलला जातो.

परिचारिका दिनाला या चित्रांचे प्रदर्शन भरवू या, अशी सूचना हमखास येते आणि ती सद्भावनेनेच येते. तिला नम्रपणे नकार द्यावा. प्रदर्शनासाठी काढलेले चित्र वेगळे असते. ते हवे असल्यास स्वतंत्र स्पर्धा घ्यावी.

कधी थांबावे आणि कोणाकडे पाठवावे

एखाद्या बालकाचा मृत्यू किंवा नातेवाइकांकडून मारहाण अशी घटना घडल्यावर त्याच दिवशी गट बोलावून प्रत्येकाला तो प्रसंग काढायला लावणे टाळावे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सर्वांकडून अनुभव वदवून घेण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. अशा वेळी माणसांना घरी सोडणे, जेवणाची सोय करणे, सोबत बसणे आणि हल्ला झाला असेल तर आरोग्यकर्मींवरील हिंसेविरुद्धच्या २०१० च्या महाराष्ट्रातील कायद्यानुसार संस्थेने स्वतः तक्रार नोंदवणे हे आधी करायचे असते.

जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलले, झोप आठवड्यानुआठवडे गेली असेल, मद्य वाढले असेल किंवा वॉर्डातील औषधे स्वतःसाठी वापरली जात असल्याचा संशय आला, तर गट चालवणाऱ्याने स्वतः समुपदेशन करत बसू नये. त्या व्यक्तीशी एकटीशी बोलावे, आत्महत्येचा विचार येतो का हे थेट विचारावे (विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे) आणि ती मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचेल असे पाहावे. धोका तातडीचा असेल तर तिला क्षणभरही एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. पुष्कळ डॉक्टर आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोचतात; म्हणून बाहेरच्या एका तज्ज्ञांशी गट सुरू होण्याआधीच बोलून ठेवावे.

आठ सत्रांनंतर

उपयोग होतो आहे की नाही हे पाहण्यासाठी कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली वापरता येईल. ती १९ प्रश्नांची आहे आणि वैयक्तिक थकवा, कामाचा थकवा आणि रुग्णांशी संबंधित थकवा यांचे वेगवेगळे गुण देते. पहिल्या सत्रापूर्वी आणि आठव्यानंतर ती नावाशिवाय, स्वतः निवडलेल्या खुणेने भरून घ्यावी. आठ-दहा जणांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, तेव्हा त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावू नये. कामाच्या थकव्याचे गुण जराही हलले नसतील, तर ती माहिती प्रशासनासमोर नेण्यासारखी आहे.

प्रशासनाला द्यायचा अहवाल एका पानाचा असावा. त्यात किती सत्रे झाली, सरासरी किती जण आले, किती वेळा वॉर्डातील गर्दीमुळे सत्र रद्द झाले आणि सर्वांच्या संमतीने नोंदवलेल्या कामाविषयीच्या सूचना एवढेच असावे. एकही चित्र, एकही नाव किंवा कोणाचे वाक्य नसावे. रद्द झालेल्या सत्रांची संख्या आवर्जून लिहावी, कारण मनुष्यबळाच्या तुटवड्याचा तो साधा आणि नाकारता न येणारा पुरावा असतो. पुढची तुकडी सुरू करण्यापूर्वी गटातीलच दोन इच्छुक व्यक्तींना सोबत घेऊन त्यांच्याकडे साहित्याच्या कपाटाची किल्ली द्यावी, म्हणजे चालवणाऱ्याची बदली झाली तरी काम थांबणार नाही. ज्यांनी चित्रे नेली नाहीत त्यांना एकदा विचारून, त्यांच्यासमोरच ती फाडून टाकावीत.